होडी वाळेपर्यंत

“निळ्या झाकणाचं,” रिना म्हणाली.

टेबलावर हार्डनरच्या दोन बाटल्या होत्या. लाल झाकणाच्या बाटलीतलं इपॉक्सी या चिकट द्रवात मिसळलं, की पंधरा मिनिटांत घट्ट व्हायला लागायचं आणि ऊन असलं तर चार-पाच तासांत दगड. निळ्या झाकणाच्या बाटलीला मात्र दुसऱ्या दिवसाची दुपार लागायची. दोन्ही बाटल्या लोटन गुरुजींनी सुरतेहून आणल्या होत्या. निवृत्त झाल्यावरही ते रनाळ्याहून एसटीने डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या आश्रमशाळेत येत आणि मुलांना होड्यांचे नमुने करायला शिकवत.

“आज घाई शे, बेटा,” गुरुजी म्हणाले. “पाचला ट्रक येईल.”

“तुम्हीच सांगितलंत ना, हळू धरतं ते पक्कं धरतं?”

गुरुजी हसले. नववीतली पोर त्यांचाच धडा त्यांना ऐकवत होती.

ट्रक ऊसतोडीचा होता. रिनाचे आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की गुजरातेत जात. यंदा तिलाही नेणार होते, सहा महिन्यांच्या भावाला फडात सांभाळायला. गुरुजी दोनदा डोंगर चढून तिच्या घरी जाऊन आले होते. तिच्या वडिलांनी, डोंगरसिंगने, दोन्ही वेळा खाट टाकली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पोराला कोण पाहील, गुरुजी?” असं गेलेलं मूल होळीला परत येतं, पण बाकावर क्वचितच बसतं, हे त्यांनी चाळीस वर्षं पाहिलं होतं. रिनाची शाळा आता सुटणार होती. निदान तिची होडी तरी अर्धी सुटू नये, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

आणि नेमकी आजच पोर रेंगाळत होती.

कार्बनचं काळं कापड कापायला तिने तीन कात्र्या हातात घेऊन पाहिल्या. एक बोथट निघाली, दुसरी मोठी. तिसरीने कापलेली पट्टी बोटभर आखूड भरली, म्हणून तिने नवी मापली. मग ब्रशचा एक केस निघाला, तर दुसरा ब्रश शोधत बसली. वजनकाट्यावर इपॉक्सी तोलताना थेंब थेंब सोडत होती. आयुष्यभर मुलांना ‘सावकाश’ म्हणणारे गुरुजी आज सारखे घड्याळाकडे पाहत होते. पोरीला शेवटचं काम नीट करायचं असेल, असं त्यांना वाटलं.

स्वयंपाकघरातली गजराबाई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

“गुरुजी, होडी करी ऱ्हायनात का नवरीले हळद लाई ऱ्हायनात?”

“नवरीला कसली घाई, मावशी?” रिना म्हणाली.

“नवरीले नई ऱ्हास. वऱ्हाडले ऱ्हास ना!”

रिनाचं हसू लगेच मावळलं.

हार्डनर तोलायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी तिला हातमोजे आणायला पाठवलं. तिची पाठ वळताच त्यांनी लाल झाकण उघडलं. मुलांपासून त्यांनी कधी काही लपवलं नव्हतं. आज लपवलं, ते संध्याकाळी तिचा चेहरा उजळलेला पाहायला मिळावा म्हणून. ती आली, तसा दुसरा ब्रश त्यांनी स्वतः घेतला. दोघांनी मिळून साच्यात कापड बसवलं, दाबलं, भिजवलं. दहा मिनिटांत काम आटोपलं. “जा, आता तुझं गाठोडं बांध,” म्हणून त्यांनी तिला वसतिगृहात धाडलं आणि साचा अंगणातल्या तापल्या पत्र्यावर उन्हात ठेवला. मग खुर्ची घेऊन पाखरांना हाकलत तिथेच बसून राहिले.

साडेचारला डोंगरसिंग आला. चपला बाहेर काढून दारात उभा राहिला. मागून रिना आली. तिच्या हातात गाठोडं नव्हतं.

गुरुजींनी साच्यातून सोडवलेली होडी उचलली आणि बोटाने वाजवली. टक्क. टक्क. काळी, हलकी, कुठे एक बुडबुडा नाही.

“बघ, तुझी होडी!”

रिनाने पुढे होऊन अंगठा टेकवला. दाबला. अंगठा चिकटला नाही.

“घासायचं राहिलंय, गुरुजी,” ती म्हणाली.

“ते मी करीन.”

“रंग द्यायचाय.”

“तोही देईन. नंदुरबारच्या प्रदर्शनात तुझ्या नावाने मांडीन. तू निर्धास्त जा, बेटा.”

“अजून काही…” रिनाने पुन्हा अंगठा दाबून पाहिला.

डोंगरसिंगने होडीकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. “म्हणजे हिच्या हातचं काही बाकी नाही?”

“काहीच नाही,” गुरुजी अभिमानाने म्हणाले. “काम पुरं झालं.”

रिना वळली आणि गाठोडं आणायला वसतिगृहाकडे चालू लागली. डोंगरसिंग तिच्या पाठीकडे पाहत राहिला. मग त्याने हात जोडले.

“बरं झालं, गुरुजी. तुम्ही मुद्दाम काम लांबवू नये म्हणून तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण आता सांगतो. आमच्यात दुसऱ्याच्या कामाला हात लावलेला माणूस ते पुरं झाल्याशिवाय उठत नाही. हिला सकाळी इथे येऊन म्हटलं होतं, ट्रक येईल तेव्हा गुरुजींचं काम ओलं असलं, तर तू शाळेतच राहा. पोराला पाठीला बांधून मी ऊस तोडीन.”