मोहरीएवढी बाहुली

“पहिल्यांदाच ऑइल पेस्टल हातात घेतेयस, तर माणसाचा चेहरा काढायला जाऊ नकोस. टोक जाड असतं. डोळे जमत नाहीत.” खोका देतानाच मितालीनं बजावलं होतं. कॉलेजातली मैत्रीण, आता यवतमाळच्या शाळेत चित्रकला शिकवणारी. स्पृहानं ते हसण्यावारी नेलं. आणि आता, भर दुपारी, ती नवऱ्याच्या डोळ्यांशीच अडली होती.

दुसरं काढणार तरी काय? खिडकीतून एकच गोष्ट दिसायची, कपाशीची पऱ्हाटी. त्या वर्षी ती माणसाच्या डोक्यावर गेली होती. घराच्या मागच्या भिंतीपर्यंत नुसतं हिरवं माजलेलं. आभाळ गच्च, वारा नाही, विजेची लाइन सकाळपासून गेलेली. या घरात आल्यापासून पाच वर्षांत तिच्या हातून रांगोळीपलीकडे काही उतरलं नव्हतं. खुशी झाल्यावर तेही सुटलं. पोर काही गिळेल, पोर पडेल, पऱ्हाटीतून साप येईल, याच धास्तीत दिवस मावळायचा. आज एक चित्र पुरं करायचं. एकच.

अमर आयताच सापडला होता. सकाळभर बोंडअळीसाठी फवारणी करून आला, दोन घास खाल्ले, ओकला आणि बाजेवर पडला. “ऊन लागलं त्याले,” म्हणत वच्छलाबाईंनी लेकाच्या तळपायांना कांद्याचा रस चोळला. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारा माणूस आज हलत नव्हता. स्पृहाला बरंच वाटलं.

“माह्यं काढून राह्यली, का बैलाचं?” त्यानं डोळे किलकिले करून विचारलं. जीभ जरा जड वाटली.

“बैल हलतो. तुम्ही बरे.”

खडू कागदावर लोण्यासारखा घसरत होता. गालावर गेरू, त्यावर पिवळा. बोटानं घासले की दोन्ही एकमेकांत मुरत. कपाळावर घाम चमकत होता, तिथं तिनं पांढरा दाबून फिरवला. ओठांच्या कडेला ओलं चमकत होतं, तिथंही पांढरा. ती लाळ होती. स्पृहाला तेव्हा फक्त चमक दिसली.

“नवरा पडला अन् बाई रंग घासून राह्यली,” वच्छलाबाई चुलीपाशी पुटपुटल्या. “कायले शिकवलं तुले एवढं तुह्या बापानं?”

मग डोळ्यांची पाळी आली. तिनं काळा टेकवला. बाहुली मोठी आली. नखानं खरवडून काढली, खडूचा कोपरा मोडून टोक केलं, पुन्हा टेकवला. तरी मोठीच. ती वाकून पाहू लागली. “अहो, नीट उघडा ना डोळे.” अमरची बाहुली मोहरीएवढी होती. मोहरीहूनही बारीक, टाचणीनं टोचल्यासारखी. मिताली म्हणाली ते खरंच, असं मनाशी म्हणत तिनं मांडीवरच्या खुशीकडे पाहिलं आणि कागदाच्या कोपऱ्यात, निव्वळ हात बसावा म्हणून, पोरीचा डोळा काढला. तेच जाड टोक टेकवलं. बरोबर बसलं. खुशीची बाहुली टपोरी, काळीभोर होती.

त्याच खोलीत. त्याच अंधारात.

स्पृहाचा हात थांबला. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, हे तिला ठाऊक होतं. चूक खडूची नव्हती. तिनं अमरच्या पाठीला नाक लावलं. शर्ट अजून ओला होता, आणि त्याला उग्र वास येत होता.

“आई, आज ऊन पडलंच कुठे? यांच्या अंगात औषध भिनलंय. यवतमाळला न्यायचं. आत्ता.”

वच्छलाबाईंनी झपकन दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या. “बोंबलू नको! तू औषध म्हणशीन, तं गाव म्हणन पोरानं औषध घेतलं. पोलीस येतीन दारात.” आवाजात राग नव्हता, थरकाप होता. पिकावर मारायचं तेही औषध आणि जीव द्यायला प्यायचं तेही औषध. त्या वर्षांत त्या एका शब्दानं माणसं आपापली दारं लावून घेत.

“म्हणू द्या. घेतलं म्हणू द्या, आई. सरका.”

त्या सरकल्या नाहीत. पण बाजेवर अमरच्या दंडाचं मांस आपोआप उडू लागलं, आणि ते त्यांनी पाहिलं. मग स्वतःच कडी काढून त्यांनी शेजारच्या भीमराजाला हाक मारली, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. “जीप काढ रे! अमरले औषध लागलं!”

स्पृहानं त्याचा शर्ट काढला, भराभर साबणानं अंग धुतलं. खुशी आजीच्या कडेवर राहिली. जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा तिच्या बोटांचा गेरू त्याच्या गालाला लागला.

“झोपू नका. बोला काहीतरी.”

“किसनराव...” तो कसाबसा म्हणाला. “दोघं फवारा मारून राह्यलो होतो. त्याच्या डोळ्यापुढं धुकं आलं म्हणे... घरी जाऊन झोपतो म्हणे.”

किसनराव म्हणजे त्यांचा शेतशेजारी. बायको लेकीकडे झरी जामणीला गेलेली, घरात एकटाच. स्पृहानं फोन लावला, रेंज नव्हती. मागे वळायला वेळ नव्हता. पुलावर चारदोन माणसं उभी दिसली. तिनं डोकं बाहेर काढलं आणि जीव खाऊन ओरडली, “किसनरावांकडे जा कोणी! झोपले असतील, त्यांना उठवा! डोळ्यांत बघा!”

जीप थांबली नाही. कोणी ऐकलं की नाही, तिला कळलं नाही.

त्या पुलावर तुम्ही असाल, तर नाल्याकडं वळा. शेवटचं घर. दार नुसतं लोटलेलं असेल. जा.