भिकार पिक्चर

"भिकार!" दाजी तांडेल घरापुढच्या खळ्यातल्या बाकावर बसत म्हणाले. "आतापावत तीन बघलंय. तीनय भिकार!"

खळ्यात जमलेल्या शेजाऱ्यांचे चेहरे खुलले. मालवणच्या किनाऱ्यावर सिनेमाचा तंबू आल्यापासून दाजी सिनेमाला शिव्या घालत होते, आणि एकही सिनेमा सोडत नव्हते. तिकीट काढून बघण्यापेक्षा दाजींच्या तोंडून सिनेमाची लक्तरं निघालेली ऐकण्यात लोकांना जास्त मजा येई. फुकटातली मजा, तिला गिऱ्हाईक कमी नव्हतं.

"पयल्यात ती हिरोईन, श्रीमंताचा चेडू. घरात धा गडी, आणि ह्या बावडेर पाणी भरूक जाता. कित्याक? तर थंय गाणा म्हणूचा असता! अर्ध्या गाण्यात कळशी खंय गेली, ती गेलीच. दुसरो देवादिकांचो. देव प्रगट झालो, तर मनगटार घड्याळाचो पांढरो वळ! आमच्या दशावतारातलो देव बरो. विडी ओढूक निदान पडद्याआड तरी जाता."

शेजारचा बाबली पोट धरून हसत होता. "आणि दाजीनू, तिसरो? तो गलबताचो?"

"तो तर इचाराच नको." दाजींनी पानाची पिंक टाकली. "गलबत फुटता, म्हाताऱ्याचो झील व्हावान जाता, आणि कितीक वर्सांनी घराकडे येता. अंगातल्या सदऱ्याक इस्त्री! दाडी सुदीक केलेली! बापाशीन येक हाक मारल्यान, काय ह्यो दारात हजर. दर्यान गिळलेलो माणूस असो येता काय रे? मी चाळीस वर्सा गलबत हाकलंय. येक तरी परत इलो?"

बाबली पुन्हा हसायला लागला आणि मध्येच गप्प झाला. दाराआड दाजींची सून सुभद्रा रातांबे फोडत बसली होती. तिचा नवरा हरिश्चंद्र, दाजींचा एकुलता एक मुलगा, मिठाच्या गलबतावर गेला तो आलाच नव्हता. गलबतही नाही आणि प्रेतही नाही. बाबलीला आपल्या हसण्याची लाज वाटली.

हरिश्चंद्र गेल्याला बारा वर्षं झाली होती. इतकी वर्षं वाट बघून झाली की दर्भाचा पुतळा करायचा, तो माणूस समजून जाळायचा, दिवस घालायचे, आणि बायकोने कुंकू पुसायचं, अशी रीत. देवळात कौल लावून झाला होता. देवानेही उजवा, म्हणजे होकाराचा, दिला होता. आज, बाबली गप्प झाला नेमका तेव्हाच, भटजी दिवस सांगायला खळ्यात शिरले. असल्या कामाला भटजी कधी उशीर करत नाहीत.

"सोमवार धरा, दाजी. तो चुकला तर पुढे पाऊस. दर्भ मी आणतो, पळसाची पानं तेवढी तुम्ही बघा."

"हाडतंय पानां," दाजी म्हणाले. आवाज अजून सिनेमाला शिव्या घालतानाचाच होता.

"मामांनू."

सुभद्रा दारात येऊन उभी होती. चार माणसांत सासऱ्यासमोर ती कधी तोंड उघडत नसे. तिचे हात मनगटापर्यंत रातांब्यांनी लाल झाले होते.

"इतको भिकार आसा, मगे तोच खेळ बघूक तुमी काल परत कित्याक गेल्यात? आणि परवा?"

सगळ्यांनी दाजींकडे पाहिलं. ही गोष्ट खळ्यात कुणालाच ठाऊक नव्हती.

"चुकी काढूक," दाजी म्हणाले. "येका खेपेक गावतत सगळ्यो?"

"आज माका येवचा आसा."

"अगं, सासऱ्याबरोबर सिनेमाला?" भटजींना राहवलं नाही. "आणि तेही या आठवड्यात? लोक तोंडात शेण घालतील."

"सोमवारानंतर माका कोण सोडतलो, भटजीनू?"

भटजींकडे सगळ्या प्रश्नांना शास्त्र असे. आत्ता मात्र ते उपरण्याने मान पुसू लागले.

दाजींनी पायात वहाणा सरकवल्या. मग उठले. "भिकार आसा तो," ते म्हणाले.

"आसांदे."

ती आत गेली. हात धुऊन आणि कपाळावर ताजं कुंकू लावून बाहेर आली. कुंकू रोजच्यापेक्षा मोठं होतं. शेजारी बाजूला सरले. समुद्राकडून तंबूतला भोंगा कर्कश आवाजात लोकांना बोलावत होता.

"म्हणजे सोमवार नक्की ना?" भटजींनी मागून विचारलं. दोघं वाटेला लागली होती.

कुंपणाच्या गडग्यापाशी दाजी थांबले. सुनेकडे न बघताच, रागावल्यासारखे म्हणाले,

"आयक. तो दारात इलो काय उभी रवा नको. मी काल उभो रवलंय, तर मागचे मेले बोंबलाक लागले."