जहाजाखालचा भंडारा

दैवशालानं जहाजाखालचं ताट हिसकावून घेतलं, तशा ओळीतल्या बायका दोन पावलं मागं सरकल्या. ताटात चिमूटभर पिवळसर पीठ होतं.

"भंडारा न्हाय हा! किड्यानं पोखरलेलं लाकूड हाय. भुसा लावताय कपाळाला, भुसा!"

कुणी ऐकेल तर शपथ! उलट एकीनं तिच्याच हातातल्या ताटातून चिमूट उचलली, कपाळाला लावली आणि "येळकोट येळकोट" करत ती बाहेर पडली.

जहाज हातभर लांबीचं, आंब्याच्या लाकडाचं. दैवशालाच्या मालकांनी केलेलं. ते नेव्हीत सुतार होते. रिटायर होऊन अणदूरला आले आणि ज्या गावानं समुद्र टीव्हीवरच पाहिला, त्या गावात चार वर्षं ओसरीवर बसून त्यांनी हे एकच जहाज घडवलं. डोलकाठ्या, दोऱ्या, बोटाच्या पेराएवढाल्या तोफा. दोन वर्षांपूर्वी ते गेले. जहाज बैठकीत फळीवर राहिलं.

या हिवाळ्यात त्याच्याखाली पीठ पडू लागलं. नेमका तेव्हा खंडोबा नळदुर्गला गेलेला. दरसाल पावणेदोन महिने देव तिकडं असतो आणि अणदूरला गाव सुनं सुनं वाटतं. त्यात दैवशालाचा दीर धनाजी यानं ते पीठ पाहिलं, हात जोडले आणि थेट चौक गाठला.

"देव तिकडं गेला, पर आपल्याला इसरला न्हाय. दादाच्या जहाजातून भंडारा पडतोय!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून दारात चपलांचा ढीग.

दैवशालाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मालकांनी तिला बजावून ठेवलं होतं, ताजं पीठ दिसलं की समजायचं, आत किडा जिवंत आहे. जहाजाच्या पोटाला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं होती. सहाची अकरा झाली. त्यांच्या हातचं जहाज आतून पोकळ होत चाललं होतं आणि अख्खं गाव ते चिमटीचिमटीनं कपाळावर मिरवत होतं. अडाण्यांचं सोडा, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या महानंदाबाईसुद्धा ओळीत! काय बोलणार?

आणि सासू गजराबाई. त्या तर दिवसभर जहाजापाशीच बसून असायच्या. येणाऱ्या प्रत्येकीशी हळू आवाजात काहीतरी बोलायच्या. आपल्याच लेकाची वस्तू किडा खातोय आणि या आल्यागेल्याचं स्वागत करतायत! दैवशालाला त्यांचा सगळ्यांत जास्त राग यायचा.

एके दुपारी ओळ पांगल्यावर तिनं जहाज प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि चौकातल्या आइस्क्रीमवाल्या रुद्रेशच्या दुकानात नेलं. थंडीत त्याचा डीप फ्रीझर रिकामाच होता. गोठवलं की लाकडातला किडा मरतो, हेही मालकांनीच सांगितलेलं. धनाजी धावत मागोमाग आला.

"वैनी, देवाला बर्फात घालता? पाप लागंल!"

"लागू द्या, भावजी. पाप परवडलं, कीड नको."

पंधरा दिवसांनी जहाज घरी आलं. तिनं मेण भरून भोकं बुजवली, खाली काळं फडकं अंथरलं. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. फडकं कोरं. लोक येऊन बघायचे, हळहळायचे आणि जायचे. पाचव्या दिवशी चारच बाया आल्या. दैवशाला कितीतरी दिवसांनी शांत झोपली.

सहाव्या सकाळी फडक्यावर पिवळं पडलेलं होतं.

तिनं बोट टेकवलं, वास घेतला. हळद! स्वयंपाकघरातली, तिच्याच डब्यातली हळद! मग मात्र ती धनाजीवर तुटून पडली.

"लाज वाटत न्हाय? मेलेल्या भावाच्या वस्तूवर बाजार मांडता?"

"खंडोबाची आण, वैनी! म्या हातबी लावला न्हाय."

"त्याला बोलू नको," कोपऱ्यातून गजराबाई म्हणाल्या. त्यांनी हात पुढं केला. तळवा पिवळाजर्द होता. "म्या टाकली."

"आत्याबाई, तुमी?"

"किडा हाय, ते मला पयल्या दिशीच कळालं हुतं. जल्मभर जोंधळ्यातले टोके निवडले म्या. तू मारलास, लई चांगलं केलंस." त्यांनी तळवा पदराला पुसला. "पर दोन वरसं झाली, या घरात माझ्या लेकराचं नाव निघत न्हाय. धन्या दादा म्हणतो. तू मालक म्हणतीस. गाव तर इसरूनच गेलं. ही पिवळी माती पडाया लागली आन् दारात येणारी परतेक बाई इचारू लागली, हे जहाज कुणी केलं? दिसातनं चाळीस बारी म्या त्याचं नाव घेत हुते, पोरी. ते बंद पडलं."

खरंच होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून लग्नातल्या उखाण्यानंतर दैवशालानं ते कधी उच्चारलंच नव्हतं. त्यांच्यामागंही नाही.

तिनं काळं फडकं उचललं, अंगणात झटकलं आणि दुमडून ठेवलं. हळद उडाली तशी गजराबाईंनी मान खाली घातली.

तेवढ्यात दारात कुणी परगावची बाई येऊन उभी राहिली. जहाजाखाली भंडारा नव्हता. ती जहाजाकडंच बघत राहिली.

"किती देखणं हाय ओ! कुणी केलं हे?"

गजराबाईंनी डोळे पुसले, पण त्यांच्याआधी दैवशाला बोलली. मोठ्यानं, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्यानं.

"उत्तरेश्वरनं."