फणसाची फ्रेम

“ही फ्रेम शेवंतीच्या लग्नात तिच्या हाती द्यायची. मी शब्द दिलाय पोरीला,” शेवटच्या आजारात नवरा अनसूयेला म्हणाला होता. होणाऱ्या सुनेच्या लग्नातल्या फोटोसाठी त्याने फणसाचं लाकूड स्वतः कोरलं होतं.

पुढे मुलगा होडी घेऊन समुद्रात गेला, तो परतलाच नाही. फ्रेम रिकामी राहिली. रोज देवपूजा झाली की अनसूया ती पुसायची. पुसताना वाटायचं, येईल.

काल शेवंती दारात येऊन रडली. “आई, उद्या माझं लग्न लावतायत, दुसरीकडे. बाबांपुढे माझं काही चाललं नाही.”

“रडू नकोस. तो नाही येत गं आता,” अनसूयेच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

सकाळी तिने तुळशीला पाणी घातलं. लग्न कुणाशी, हे नवऱ्याने कुठे सांगितलं होतं? फ्रेम पदराखाली धरून ती लग्नघराकडे निघाली.