फितीचं शेवटचं टोक

यंत्र खोक्यात ठेवून हैबतराव गुरुजी सुतळीला गाठ मारत होते, तेवढ्यात राजाबाई दारात येऊन उभी राहिली. शाळा सुटून घटकाभर झाली होती. धनगरवाड्यावरून खाली यायचं म्हणजे दोन तासांची उतरण, आणि बाई अनवाणी आली होती.

"गुरुजी, ते बोलायचं यंत्र हितंच हाय न्हवं?"

"आहे. उद्या सकाळच्या एसटीनं पुण्याला परत जायचंय."

"मंग बरी येळंवर आले." ती भिंतीला टेकून खाली बसली. "आमच्या बायजाचा आवाज हाय म्हनं त्यात. पोरं सांगत हुती. येकदा ऐकवा की."

बायजा तिची लेक, चौथीतली. दिवाळीनंतर तापानं चार दिवसांत गेली. गुरुजी वाड्यावर भेटायला जाणार होते. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहून गेलं होतं.

गुरुजींना शिकवायच्या साधनांचं भारी वेड. पुण्याच्या शिबिरात हे आवाज भरायचं यंत्र पाहिलं आणि साहेबांच्या मागं लागून, सहा महिन्यांच्या बोलीवर त्यांनी ते शाळेत आणलं. धरणाची वीज शाळेच्या डोक्यावरून तारांतून थेट मुंबईला जायची आणि शाळेत कंदील लागायचा, म्हणून सेलवर चालणारं यंत्र मागून घेतलं. आपला गावंढळ उच्चार आपल्याच कानांनी ऐकला की पोरं आपोआप सुधारतील, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले होते. पोरं सुधारलीही थोडीफार. बायजाचं 'हाय' मात्र चार वेळा म्हणवून घेतलं तरी हायच राहिलं. तपासणीच्या आदल्या दिवशी गुरुजींनी विचार केला, असला नमुना साहेबांच्या कानावर कशाला? फीत एकच होती. त्यांनी बायजाच्या आवाजावर पाटलांच्या वाल्मीकचं भाषण भरलं. साहेबांनी पाठ थोपटली, आणि त्या रात्री गुरुजी दोन घास जास्तच जेवले होते.

आता खरं सांगून टाकावं, असं एकदा ओठांवर आलं.

"सेल संपलेत हो यातले," ते म्हणाले.

राजाबाईनं पदराची गाठ सोडली. आतून सेल निघाले, एकेक करून तिनं ते जमिनीवर मांडले. "पोरं म्हनली, यंत्राला लई सेल लागत्यात. थोरल्या ल्योकाच्या, म्हसूच्या आन् दिराच्या, दोगांच्या बी बॅटऱ्या रिकाम्या करून आनलेत. बिबट्या येतोय सध्या मेंढरांवर. पर आजची रात शेकोटीवर काढू."

खोटं बोलायला माणसाला एकदा जमतं. दुसऱ्यांदा त्यासाठी तोंड उघडेना. गुरुजींनी सुतळी सोडली, यंत्र बाहेर काढलं, सेल बदलले आणि खटका दाबला.

चकत्या फिरू लागल्या. वाल्मीक स्वच्छतेचं महत्त्व सांगू लागला, एकेक शब्द सुटा, खणखणीत.

"ह्यो कोन?"

"पाटलांचा वाल्मीक."

"ग्वाड बोलतो. बायजा फुडं आसंल." राजाबाई यंत्राकडं आणखी सरकली आणि पदर कानामागं घेऊन बसली.

भाषण संपत नव्हतं. संपूच नये असं गुरुजींना वाटत होतं. मग टाळ्या झाल्या, त्याही थांबल्या, आणि नुसती खरखर उरली. आता सांगायलाच हवं म्हणून त्यांनी यंत्र बंद करायला हात पुढं केला.

तोच यंत्रातून कुणीतरी खेकसलं.

"मेंढरांत ऱ्हाऊन मेंढरावानीच बोलायची व्हय गं तू? चल, पुन्हा म्हण!"

एक मूल हसलं. मग कुणीतरी खोल श्वास आत घेतला, बोलायला तोंड उघडावं तसा. आणि फीत संपली. सुटलेलं टोक चकतीबरोबर फटफट करत फिरू लागलं.

वाल्मीकच्या भाषणानंतर फितीचं तेवढंच टोक पुसायचं राहिलं होतं. गुरुजींचा हात तसाच पुढं राहिला. तो आवाज त्यांचा होता. आपल्या गावच्या, मुळशीतल्या ज्या बोलीची लाज वाटून त्यांनी दहा वर्षं ती जिभेवरून घासून काढली होती, रागाच्या भरात तीच बाहेर पडली होती, आणि तीही बायजाच्या अंगावर. त्यांना राजाबाईकडं बघवेना. तिनं शिव्या द्याव्यात, सेल उचलून चालू लागावं, काहीही करावं, पण आता काहीतरी बोलावं, असं त्यांना झालं.

"राजाबाई, बाकीचं मी पुसलं," ते खाली बघत म्हणाले. "माझ्या हातानं पुसलं."

ती यंत्राकडंच बघत होती. ऐकलं की नाही, कळलं नाही.

"तीच," ती हळूच म्हणाली. "बोलायच्या आदी आसाच दम घ्यायची. न्हानपनापास्नं."

फीत फटफटत होती. गुरुजींनी यंत्र बंद केलं.

"बंद नगा करू, गुरुजी. सेल हायेत आजून," राजाबाई म्हणाली. "तुमी रागं भरता न्हवं, तितनं परत लावा. त्याच्याफुडं ती हाय."