उजळ फोटो

“जरा उजळ करा हो,” शैलजाच्या आईने सांगितलं, तेव्हा दिगंबर उंबऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या बार्शीतल्या स्टुडिओत लग्नासाठी फोटो काढायला आलेल्या बहुतेक मुलींच्या आया हेच सांगत. त्यांनी लाल खड्यांचं पिवळं पाणी केलं, त्यात फोटो पक्का करायचा हायपो मिसळला आणि कापसाच्या बोळ्याने फोटोतला चेहरा हळूहळू फिकट करत नेला. सावळी शैलजा गोरीपान झाली.

पंधरा दिवसांनी ती एकटीच आली.

“काका, फोटोला काय लावलं होतं तुम्ही?”

“पोटॅशियम फेरिसायनाइड.”

ती दचकली. “सायनाइड? म्हणजे विष?”

“छे गं!” उंबरे हसले. “यातलं सायनाइड लोखंडाशी घट्ट बांधलेलं असतं. तीव्र आम्लाशी गाठ पडली तरच धोका. तीस वर्षं वापरतोय मी. कुणाला कधी अपाय झाला नाही.”

“मला झाला,” ती म्हणाली. “पाहुणे आले होते. मुलाच्या आईने सगळ्यांसमोर तो फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. ‘फसवलंत आम्हाला,’ म्हणाली, आणि चहा न घेताच उठले सगळे.”

उंबऱ्यांचं हसू मावळलं. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

“बैस, पोरी,” ते म्हणाले. “आत्ताच दुसरा काढतो. आहेस तशी.”

“मी त्या दिवशीही आहे तशीच बसले होते, काका.”

ती पायऱ्या उतरून गेली. तिला हाक मारायचा धीर उंबऱ्यांना झाला नाही.