डाग

"संसर्ग मेंदूत पोहोचलाय," डॉक्टर म्हणाले, तेव्हा हेमांगीने नवऱ्याचा, श्रीरंगचा हात घट्ट धरला. भाताच्या पानातलं, रोग ओळखणारं प्रथिन श्रीरंगनेच शोधलं होतं. ते माणसांना टोचल्यापासून साथीत कुणी दगावत नव्हतं. रोग लागलेल्या पेशी शरीर स्वतःच मारून टाकी. पानावर डाग पडून रोप वाचावं, तसं. मागच्या साथीत श्रीरंगची बोटं अशीच गेली होती.

"बोलत राहा, हेमा," तो म्हणाला. "कळतंय तोवर ऐकू दे."

ती लग्नापासूनचं सगळं सांगत राहिली.

संध्याकाळी ताप उतरला. डॉक्टरांनी तिचं अभिनंदन केलं. श्रीरंगने पोटभर पेज घेतली आणि तिचे रडून सुजलेले डोळे पाहून अदबीने विचारलं, "आपलं कुणी आजारी आहे का इथं?"